विमानाची काच

अमरावती,
८ फेब्रुवारी १९६२

प्रिय खुशाल,

नमस्कार. दिवाळीनंतर तुझी एक ओळ नाही. संक्रांतीला कुंदानं तिळगूळ पाठवला, त्याचीही पोच नाही. अकोल्याच्या बोर्डिंगात माझ्या ताटातली भाकर पळवणारा तो खुशालराव हाच, की अकोटकडे शेतीवाडी सांभाळताना मास्तर लोकांशी ओळख ठेवणं कमीपणाचं वाटायला लागलं? पण राग सोडतो, कारण काम तुझ्याकडेच आहे. अडला हरी.

हसू नकोस. मी घरात समुद्र आणतोय. शाळेत पोरांना प्राणिशास्त्र शिकवायचं आणि मासा दाखवायचा तो बरणीतला, रंग उडालेला, पांढऱ्या डोळ्यांचा. माझ्या वर्गातल्या एकाही पोरानं समुद्र पाहिलेला नाही. मागल्या महिन्यात इतवाऱ्याच्या बाजारात एका कबाड्याकडे एक मोठी पारदर्शक पेटी दिसली. मासे ठेवायचीच होती. चार हात लांब, भिंती जाड, पण अवस्था काय वर्णावी! सगळीकडे ओरखडे, तळाचा सांधा उकललेला, आणि पुढच्या बाजूला मधोमध बोटाचं पेर मावेल एवढी खोल खाच. कुणीतरी दातओठ खाऊन काहीतरी हाणलं असणार. कुंदा म्हणाली, ‘घरात एक टवका उडालेलं डोकं आहेच, ही दुसरी वस्तू कशाला?’

मी ती रोज घासतोय. पॉलिश पेपर पाण्यात भिजवायचा, आधी जाडा, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी खोबरेल तेलात कालवलेलं दंतमंजन लावून फडक्यानं चोळायचं. एका कोपऱ्याला शहाणपणा करून स्पिरिट लावलं तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटल्या. हात दाखवून अवलक्षण. पण बाकीची पेटी आता उजळतेय. ती खाच तेवढी हट्टी आहे.

तर काम असं. समुद्राचं पाणी आणू कुठून? तुमचा सगळा खारपाणपट्टा. तुमच्या विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढत, असं तुझे वडीलच सांगायचे. दोन मोठे डबे भरून एसटीवर टाकून दे. नाहीतर शेषरावालाच पाठव, तो पहिलवान दोन बगलांत दोन डबे घेऊन येईल. तुझ्या या धाकट्या भावाचं लग्न ठरलं की नाही? सुभद्रावहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत


अकोटजवळून,
१७ फेब्रुवारी १९६२

वसंता,

पत्र मिळालं. तिळगूळही मिळाला होता. खाल्ला नाही, ढोरापुढं ठेवला. वहिनींना हे सांगू नको.

आमच्या विहिरीच्या पाण्याला आमचे बैल तोंड लावत नाहीत, त्यात तू मासे पोसणार. तुम्हा शिकलेल्या लोकांचं असंच असतं. तरी डबे आजच्या गाडीवर टाकले आहेत. कंडक्टरनं विचारलं, ‘घासलेट हाय काय पाटील?’ म्हटलं, ‘नाई बाप्पा, समुद्र हाय.’ तो हसला. मला काही हसू आलं नाही.

हरभरा बरा आहे. कपाशी अळीनं खाल्ली.

शेषरावाचं विचारू नको. तो घरी नाही. लग्नबिग्न काही नाही. आणि यापुढं मला माशांचं काही लिहू नको. मासे म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पाणी मागितलंस, दिलं. विषय संपला.

खुशाल


अमरावती,
१२ मार्च १९६२

खुशाल,

माशांचं लिहू नको म्हणालास, पण माझी चूक नाही, तुझ्या पाण्याची आहे, म्हणून लिहितोच.

माझा एक जुना विद्यार्थी रेल्वेत गार्ड आहे. त्यानं मुंबईहून समुद्रातले मासे आणून बडनेऱ्याला माझ्या हातात दिले. बोटाएवढे, काही निळे, काही पिवळेधमक. वर्गातली पोरं घरी बोलावली होती. पेटी तुझ्या विहिरीच्या पाण्यानं भरून ठेवलेली. मासे सोडले. पोरं पेटीला नाकं लावून उभी राहिली, एवढे ते सुंदर दिसले.

आणि मग त्यांना वेड लागलं. भिंतींवर धाडधाड डोकी आपटायला लागले. एक निळा दुसऱ्यावर तुटून पडला आणि त्यानं त्याचा डोळाच काढला. पिवळ्यांची शेपटं फाटली, पाणी गढूळ झालं. पोरी रडायला लागल्या. पोरं, सांगायला लाज वाटते, टाळ्या पिटत होती. दुपारपर्यंत सगळे उलटे होऊन तरंगले. मी प्राणिशास्त्राचा मास्तर. खारट असतं ते सगळं समुद्र नसतं, हे मला कळायला नको होतं? तुमच्या पाण्यातले क्षार निराळे, समुद्राचे निराळे.

पण मी दोष तुलाच देणार. तुझ्या विहिरीचं पाणी खुनी आहे बाबा! असलं पाणी पिऊन घरातून माणसंही खुनीच निघायची. जप.

एक चांगली बातमी. त्या खाचेवर मी महिनाभर हात चालवला. आजूबाजूचा भाग उतरवत उतरवत ती खाच शेवटी पार नाहीशी केली. आता डोळे मिटून हात फिरवला तरी सापडत नाही. पलीकडे धरलेलं वर्तमानपत्र वाचता येतं. पाणी आता समुद्राचंच मागवलंय, लोणच्याच्या बरण्यांतून.

तुझा,
वसंत


अकोटजवळून,
१९ मार्च १९६२

वसंत,

तुला कोणी सांगितलं? अमरावतीपर्यंत गेलं का? सरळ विचारायचं होतं, पाण्याच्या आडून ‘तुझ्या घरातून खुनी निघतात’ असं लिहायची काय गरज होती? समोर असतास तर नरडं धरलं असतं. तुझं पत्र मी चुलीत घातलं.

आता सगळं ऐक आणि मग जन्मात तोंड दाखवू नको.

शेषराव अकोल्याच्या जेलात आहे. डिसेंबरात अकोल्याला प्रदर्शन भरलं होतं. तिथं मुंबईच्या एकानं माशांचा तंबू लावला. बाहेर पाटीवर माणूस गिळणारा मासा काढलेला, आत बोटाएवढे मासे. लोक भडकले. तंबू फाडला, खुर्च्या मोडल्या, त्या मुंबईवाल्याला बदडला. शेषरावानं तंबूच्या खुंट्यांसाठी भोकं पाडायची लोखंडी सब्बल, पहार, उचलली. त्याच्या मागं आमच्याच गावचा शालिकराम उभा होता. त्याचं शेत आमच्या शेताला लागून, आणि मधल्या धुऱ्यावरून, बांधावरून, दोघांचं हाडवैर. पोळ्याच्या दिवशी शेषराव मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर म्हणाला होता, ‘शाल्याचं टाळकं नाई फोडलं तं बापाचं नाव नाई सांगणार.’

मी बाहेर बैल सोडत होतो. ओरडा ऐकून आत गेलो. शालिकराम पडलेला, कानशील फुटलेलं, माशांच्या पेटीवर रक्त उडालेलं. शेषराव सब्बल धरून उभा. म्हणतो, ‘दादा, म्या त्याले नाई मारलं. म्या काचीवर हाणली.’ मी पेटीकडं पाहिलं. काच शाबूत! लोखंडाची सब्बल काचेवर हाणली असती तर काचेचा चुरा झाला नसता? काच शाबूत आणि माणसाचं डोकं फुटलेलं. मग मारली कोणावर? पंचनाम्यातही तेच लिहिलं आहे, काच अभंग. मी बैलबंडीतला चाबूक काढला आणि त्याला तिथून ठाण्यापर्यंत झोडपत नेला. भर बाजारातून. रक्त निघालं. त्याला मी अंगाखांद्यावर वाढवलाय, आई गेली तेव्हा तो दुपट्यात होता. खून केला, तो एकवेळ पोटात घातला असता, पण वर माझ्या तोंडावर खोटं बोलला.

सेशन कोर्टात सरकारकडून माझी साक्ष आहे, पारावरच्या धमकीची. मी देणार. शालिकरामाची बायको जाईबाई रोज माझ्या दारावरून पाण्याला जाते. तिच्याकडं बघ आणि मग मला माशांच्या गोष्टी सांग.

खुशालराव


अमरावती,
२२ मार्च १९६२

खुशाल,

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काही नाही. मला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. वर्तमानपत्रात आलं असेल तर माझ्या नजरेतून सुटलं. मारायचं तर ये आणि मार, पण हे पत्र चुलीत घालण्याआधी वाच.

तुझं पत्र खिशात घालून मी तसाच कबाड्याकडे पळालो. माझी पेटी कुठून आणली, विचारलं. तो म्हणाला, ‘मास्तर, अकोल्याच्या प्रदर्शनातली हाय. थो मुंबईवाला मार खाऊन पळाला, जाता जाता मले पेटी इकून गेला.’

खुशाल, ही तीच पेटी आहे. आणि ती काच नाही!

नीट समजून घे. दिसायला काच, पण हा एक प्रकारचा कडक प्लॅस्टिकचा पत्रा आहे. लढाईत विमानांना खिडक्या करायला वापरत. कबाडी त्याला विमानाची काच म्हणतात. करवतीनं कापता येतो. त्याचाच भुसा क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून मी तळाचा सांधा चिकटवला. काचेला असं करता येईल? यावर लोखंड हाणलं तर चुरा होत नाही. जाड भिंत, आत पाणी भरलेलं, सब्बल तिला खाच पाडून उलटी फिरते. मागे कोण उभं आहे ते सब्बल बघत नाही.

खाच होती, खुशाल. पुढच्या बाजूला, मधोमध, मी पहिल्याच पत्रात तुला लिहिली होती. शेषरावानं पेटीवरच मारली होती. त्याचा तेवढाच एक साक्षीदार होता, आणि तो मी या हातांनी महिनाभर घासून, वर दंतमंजन लावून पुसून टाकला. काखेत कळसा म्हणतात तसं झालं, फक्त तो कळसा मी वितळवून बसलो. आता माझ्या शब्दाशिवाय काही उरलं नाही, आणि माझ्या शब्दावर कोण शिक्षा थांबवणार? फासावरही जाईल तो.

साक्ष देण्याआधी एकदा ये. स्वतः बघ.

वसंत


अकोटजवळून,
२७ मार्च १९६२

मास्तर,

वा! आधी माझ्या पाण्यात मासे मेले, आता त्याच माशांच्या पेटीतून माझा भाऊ निर्दोष निघाला. न फुटणारी काच! आमच्या गावात पिठाच्या गिरणीवाल्याला वाचून दाखवलं, तो पोट धरून हसला.

तुझी दया येते म्हणून समजावतो. तुला शेषरावाचा लोभ आहे, सुट्टीत यायचास तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन हिंडायचास. म्हणून काहीतरी जुळवतोस. खाच होती म्हणतोस, आता नाही म्हणतोस. कोर्टात असं बोललास तर तुलाही आत टाकतील.

आणि एक सांग. तुझं खरं असेल तर मी काय केलं? भर बाजारात मी कोणाची पाठ फोडली? नाही, तुझं खरं नाही. खरं असूच शकत नाही.

येत्या बुधवारी येतो. घरची सब्बल घेऊन येतो. पेटी पाण्यानं भरून ठेव, तंबूत होती तशी. एका दणक्यात तिचा भुगा करतो, म्हणजे तुझं पत्र लिहिणं थांबेल. वहिनींना म्हणावं, चपला घालून राहा, काचा पायात जातील.

खुशालराव


अकोटजवळून,
९ एप्रिल १९६२

वसंता,

अक्षर सुभद्रेचं आहे. माझा उजवा हात गळ्यात बांधलाय. डॉक्टरनं सांगितलं, खांद्याजवळचं हाड दोन ठिकाणी मोडलंय.

त्या दिवशी मी तुझ्याशी काही बोललो नाही, वहिनींनी हळद-दूध दिलं तेही घेतलं नाही, तसाच गाडीत बसलो. तेव्हा बोलता येत नव्हतं. आता सांगतो, सुभद्रा लिहील.

मी पेटीवर सब्बल जीव खाऊन मारली. तुझा राग होता, त्याचा राग होता, सगळा त्या एका हातात होता. मला वाटलं, आता खळकन आवाज येईल. आवाज आला तो ढोलावर पडल्यासारखा. आणि हातातली सब्बल जिवंत झाली. कोणीतरी पलीकडून हिसकून माझ्याच अंगावर भिरकावावी तशी आली. कानाला घासून खांद्यावर पडली. वहिनी मागं उभ्या असत्या तर आज तू जाईबाईसारखा बसला असतास.

खाली पडलो तेव्हा समोर ती पेटी दिसत होती. पाणी हेलकावे खात होतं. तुझ्या नव्या माशांतला एक मेला, एक निळा फिरत होता. आणि काच शाबूत, मधोमध एक खाच.

वसंता, ठाण्याच्या वाटेवर तो काय ओरडत होता माहीत आहे? ‘दादा, काचीनं मांगं फेकली! दादा, काचीनं फेकली!’ तेच तेच. आणि तो जेवढ्या वेळा ते म्हणाला तेवढ्या वेळा मी त्याला आणखी एक चाबूक ओढला. म्हटलं, खरं बोलेपर्यंत मारीन. शेवटी तो गप्प झाला. मला वाटलं, कबूल झाला.

सरकारी वकिलाला भेटून आलो. धमकी दिली होती हे मी सांगणार, ते खरंच आहे. पण पेटीचंही सांगणार. शेषरावाच्या वकिलाला तुझं नाव दिलंय. पेटी घेऊन अकोल्याला ये. या वेळची खाच घासू नको, तुला मुलांची शपथ.

खुशाल

वसंतभाऊजी, हे खालचं मी माझ्या मनानं लिहिते, ते बाहेर गेले आहेत. चार दिवस झाले, अन्नाला शिवले नाहीत. काल गोठ्यात गेले आणि तो चाबूक डाव्या हातानं स्वतःच्या पाठीवर मारत होते. मी हिसकून घेतला आणि चुलीत घातला. चांगला जळला. कुंदाताईंना सांगा, तुमची ती पेटी आमच्या घरात आली असती तर मी तिची पूजा केली असती.
सुभद्रा


अमरावती,
३ मे १९६२

प्रिय खुशाल,

तू साक्ष देऊन निघून गेलास, निकालाच्या दिवशी आला नाहीस. समजतं मला. पण काय झालं ते तुला माझ्याच तोंडून कळायला हवं.

जज्जसाहेबांना आधी माझं पटेना. सरकारी वकील म्हणाले, ‘गुरुजी, काच ती काच.’ मग पेटी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली ठेवून पाण्यानं भरली. साहेब स्वतः बाहेर आले. त्यांनी पेटीवर टिचकी मारून पाहिली, तुझ्या खाचेत नख घालून पाहिलं. एका धिप्पाड शिपायाला सब्बल दिली. त्यानं हाणली. सब्बल त्याच्या हातातून निसटून गरगरत गेली आणि सरकारी वकिलांच्या पायाशी मातीत रुतली. त्यांनी अशी उडी मारली की सगळं आवार हसलं. शेषराव तेवढा हसला नाही. तो जाईबाईकडे बघत होता.

ती गर्दीत उभी होती, डोक्यावरून पदर घेऊन. पुढे आली आणि म्हणाली, ‘मले मारू द्या.’ शिपाई अडवायला लागले, साहेबांनी हातानं थांबा म्हटलं. तिनं सब्बल उचलली. तिला ती पेलत नव्हती. तरी मारली. पुन्हा मारली. सब्बल मागे येई, ती तोल सावरून पुन्हा मारी. ‘फूट ना वं! फूट ना!’ असं ती त्या पेटीला म्हणत होती. तळहाताची सालं निघाली, सब्बल रक्तानं निसरडी झाली, तेव्हा खाली बसली आणि मोठ्यानं रडली. पेटी तशीच उभी होती. मला त्या वेळी त्या पेटीचा इतका राग आला की मीच तिला फोडली असती.

शेषराव खुनातून सुटला. दंगा केल्याची शिक्षा त्याची भोगून झाली होती, त्याच दिवशी सोडला. मी त्याला म्हटलं, चल, अकोटची गाडी पकडून देतो. तो म्हणाला, ‘नाई. तुमच्या संगं येतो.’ पेटीबरोबर ट्रकमध्ये बसला. सध्या आमच्याकडेच आहे. अंघोळीला बसतो तेव्हा पाठ दिसते. कुंदा आत निघून जाते.

वसंत


अकोटजवळून,
१० मे १९६२

वसंता,

डाव्या हातानं लिहितोय, लागेल तसं वाच.

त्याला म्हणावं घरी ये. म्हणावं, सब्बल घेऊन ये. अंगणात उभा राहतो, हात बांधून उभा राहतो, पाहिजे तेवढं मार. गावासमोर मार. जाईबाईच्या शेताची नांगरणी मी गड्यांकडून करून देतोय, धुऱ्यालगतची दोन हात जमीन तिला सोडली. पण ते तिच्यासाठी. त्याच्यासाठी काय करू ते मला सुचत नाही. त्याचं अंथरूण सुभद्रा रोज उन्हात टाकते आणि रोज गुंडाळून ठेवते.

तो माझं नाव तरी काढतो का? खोटं लिहू नको.

आणि माझी खाच पेटीवर राहू दे. घासू नको. जो येईल त्याला दाखव, सांग, इथं एका मूर्खाला अक्कल आली.

खुशाल


अमरावती,
२८ मे १९६२

प्रिय खुशाल,

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो उठला. पेटीसमोर जाऊन बसला. तिच्यात आता खरा समुद्र आहे, मोटारीच्या ट्यूबमध्ये हवा भरून तिचे बुडबुडे सोडतो मी. नवे मासे आणले होते, त्या वाचलेल्या निळ्यानं सगळे मारून टाकले. एकटाच राज्य करतो. शेषराव म्हणतो, ‘याले धुरा पायजे नाई, सगळा शिवारच पायजे.’

मग त्यानं विचारलं, कोणती खाच कोणाची. मी दाखवल्या. शिपायाची, जाईबाईच्या पाचसहा, आणि तुझी. तुझ्या खाचेवर त्यानं अंगठा ठेवला. ‘दादाले लागलं काय?’ म्हटलं, हाड मोडलं, दोन ठिकाणी. तर हसला, खुशाल. महिन्यात पहिल्यांदा. म्हणाला, ‘हाड मोडल्याबिगर पटतच नाई त्याले. लहानपनापासून तसाच हाय.’

तू लिहिलंस तेही मी सांगितलं, की खाच राहू द्यायची आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘कायले? मले पॉलिश पेपर द्या.’

बाहेरच्या बाजूनं घासायचं म्हणजे पेटी रिकामी करायची गरज नव्हती. रोज सकाळी बसे. आधी जाडा पेपर, मग बारीक. मी शिकवलं तसं नाही, माझ्याहून जोरात, दात आवळून. काही वेळा वाटायचं, खाच घासतोय की तुला मारतोय. एकदा घासता घासता रडला. कुंदा चहा घेऊन आली होती, ती चहा ठेवून गुपचूप परत गेली. मी म्हटलं, बाकीच्या खाचाही काढू का, मी मदत करतो. तो म्हणाला, ‘शिपायाची काढा. जाईबाईच्या नोका काढू. थ्या राहू द्या. तिचा तेवढा हक हाय.’

काल तुझी खाच गेली. त्यानं शेवटचं फडकं मारलं, डोळे मिटून हात फिरवला, मलाही फिरवायला लावला. निळा मासा तिथंच येऊन थांबला, म्हणजे त्यालाही काही दिसत नसावं. मग शेषरावानं हात धुतले आणि कुंदाला विचारलं, ‘वयनी, अकोटची गाडी कितीले हाय?’

मी विचारलं, घरी जाऊन काय करणार? तर म्हणाला, ‘पयले त्याच्या कानाखाली एक ठेवून देईन. मंग जेवीन.’

तेव्हा हे पत्र मी टपालात टाकत नाही. तोच घेऊन येतोय. तू हे वाचत असशील तेव्हा तो दारात उभा असेल. सुभद्रावहिनींना भाकरी टाकायला सांग, आणि पत्र पुरं करत बसू नको, ऊठ.

तुझा,
वसंत